संपीडित नमुनाकरण आणि वारंवारतेचे मापन : एक चिकित्सा

एमान्युएल कँदेस, जस्टिन रॉम्बर्ग व टेरेन्स ताओ यांचा, तसेच डेव्हिड डोनोहो यांचा, असे दोन शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून संवेदक जाळ्यांच्या संशोधनात संपीडित नमुनाकरणास मानाचे स्थान लाभले आहे. ते सार्थही आहे. परंतु वारंवारतेच्या मापनासाठी ही पद्धत सुचविली जाते तेव्हा तिच्या गृहीतकांची तपासणी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ती वीजपुरवठ्याच्या उदाहरणावरून केली आहे.

संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावेत, हा प्रस्थापित नियम होय. नव्या पद्धतीचे म्हणणे असे की, संकेत विरल असेल, म्हणजे त्याचे मोजकेच सहगुणक शून्येतर असतील, तर बऱ्याच कमी यादृच्छिक मापनांतून तो पुन्हा उभा करता येतो. बाजार समितीत कापसाच्या गाडीतून चार ठिकाणची मूठ काढून प्रत ठरविणारा व्यापारी येथे आठवतो. मात्र हा दाखला फसवा आहे. व्यापाऱ्याला सरासरी हवी असते, संपीडित नमुनाकरण मूळ संकेत परत मिळवू पाहते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने साध्या विद्युत प्लगला जोडता येणारे, उपग्रहीय कालगणनेशी जुळविलेले वारंवारता-संवेदक निरनिराळ्या ठिकाणी बसवून जाळे उभारले. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये सुरू झालेले एफनेट हे जाळे याच धर्तीचे. अशी यंत्रणा यवतमाळ जिल्ह्यात वणी व पुसद येथे बसविली आहे, असे कल्पू. पुरवठा ५० हर्ट्झचा. भारतीय ग्रिड संहितेनुसार वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राहणे अपेक्षित आहे.

आक्षेपाचे मूळ येथे आहे. एक सेकंदाचा संकेत घेतल्यास वारंवारतेचे रकाने एक-एक हर्ट्झ अंतरावर पडतात. संपूर्ण अपेक्षित पट्टा ०.१५ हर्ट्झ रुंदीचा, म्हणजे एका रकान्याच्या सातव्या हिश्श्याएवढा. सर्वांत मोठा सहगुणक शोधणारी पद्धत प्रत्येक वेळी '५०' असेच उत्तर देईल. ०.०१ हर्ट्झचा रकाना हवा तर शंभर सेकंद थांबावे लागेल. तेवढ्यात वारंवारताच बदललेली असते. रकाने कृत्रिमरीत्या बारीक केले तर शेजारचे स्तंभ जवळजवळ एकसारखे होतात आणि ज्या असंबद्धतेवर सिद्धांत उभा आहे तीच ढासळते. ची, शार्फ, पेझेश्की व काल्डरबँक यांनी २०११ साली आधाराच्या या विसंगतीचे परिणाम दाखवून दिले. २०१३ साली तांग व सहकाऱ्यांनी रकान्यांविना सलग वारंवारता शोधण्याची रीत मांडली. तिचे गणन जड आहे. शिवाय ज्या क्षणी मापन खरोखर हवे, म्हणजे एखादे मोठे जनित्र अचानक बंद पडते, त्या क्षणी वारंवारता घसरत असते, ऊर्जा अनेक रकान्यांत पसरते आणि विरलता उरत नाही.

दुसरी बाब गोंगाटाची. डेव्हनपोर्ट व सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविल्याप्रमाणे, मापनांची संख्या दर वेळी निम्मी केली की संकेत-गोंगाट गुणोत्तर सुमारे तीन डेसिबलने घटते. एकूण हिशेबात हा तोटा बहुधा गाळला जातो.

सर्वांत मोठा दोष तुलनेत आहे. सेकंदाला हजार नमुने पाठविण्याऐवजी शंभरच पाठविले, म्हणून दहापट बचत, असे मांडले जाते. पण वणीच्या संवेदकाने स्वतःच वारंवारता काढली तर त्याला सेकंदाला एकच आकडा पाठवावा लागतो. बिनतारी प्रक्षेपणास गणनापेक्षा पुष्कळ अधिक ऊर्जा लागते, हे मान्य असल्यास स्पर्धा या हजारपट बचतीशी हवी.

याहून मूलभूत गोष्ट अशी की, स्थिर स्थितीत वणी आणि पुसद येथे वारंवारता एकच असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी जोडला गेल्यापासून ती कोचीतही तीच. आपल्याकडील शेतपंप जळतात ते कमी दाबामुळे. जागोजागी बदलतो तो दाब. केवळ वारंवारतेसाठी जिल्हाभर संवेदक पसरविणारा प्रस्ताव एकाच आकड्याच्या अनेक प्रती गोळा करील.

पद्धतीचे खरे क्षेत्र विस्तृत पट्ट्यातील रेडिओ संकेतांचे श्रवण हे आहे. तेथे व्यापलेल्या वाहिन्या थोड्या, कोणत्या ते अज्ञात आणि अतिवेगवान अंकीकरण महाग असते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात या तिन्हींपैकी एकही अडचण नाही.