सत्य साहसकथांची गोडी

सुखवस्तु माणसास दुसऱ्याच्या हालअपेष्टांचीं वर्णनें वाचण्यांत गोडी कां वाटावी, हें कोडें बरेंच जुनें आहे. पायांवर शाल, शेजारीं चहाचा पेला अशा थाटांत बसून मनुष्य ध्रुवप्रदेशांतील उपासमार किंवा हिमशिखरावरील अपघात मोठ्या चवीनें वाचतो, आणि त्या नादांत चहा निवून जातो. या प्रकाराचीं दोन कारणें नेहमीं सांगण्यांत येतात. संकट दूरचें असलें कीं त्याची भीति सुखद होते, हें एक; आणि जें धैर्य आपल्या अंगीं नाहीं तें दुसऱ्याच्या अंगीं पाहून मनुष्य आपली हौस भागवितो, हें दुसरें. दोन्ही कारणें खोटीं नाहींत. पण त्यांनीं कोडें सुटत नाहीं. कारण तीं कल्पित कादंबरीलाहि तितकींच लागू पडतात. भयच हवें असेल तर कुशल कादंबरीकार तें अधिक बेतानें व अधिक सोयीच्या जागीं देऊं शकतो. मग 'हें सर्व खरोखर घडलेलें आहे' एवढें कळतांच वाचक सरसावून कां बसतो?

आमच्या मतें याचें कारण निराळें आहे. कादंबरीकार फक्त संभाव्यतेला जबाबदार असतो. संकटांतून परत आलेला मनुष्य लिहूं लागला म्हणजे तो परत न आलेल्यांना जबाबदार असतो. 'तूं कसा आलास, आणि ते कां आले नाहींत?' हा प्रश्न कोणी विचारो वा न विचारो, त्याच्या वाक्यावाक्यामागें उभा असतो. तेव्हां आपण हातीं घेतों तें मनोरंजनाचें पुस्तक नसून एक जबानी असते, आणि वाचक प्रेक्षक न राहतां नकळत पंच होऊन बसतो. ही पंचाची जागा कादंबरी आपणांस देऊं शकत नाहीं.

ॲप्स्ली चेरी-गॅरर्ड याचें १९२२ सालीं प्रसिद्ध झालेलें 'दि वर्स्ट जर्नी इन दि वर्ल्ड' हें दोन खंडांचें पुस्तक या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिणध्रुवाच्या मोहिमेंत १९१० सालीं हा चोविशींतला, अधू दृष्टीचा तरुण सामील झाला. पुस्तकाच्या नांवांतला प्रवास ध्रुवाकडचा नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तो आहे १९११ च्या जून-जुलैमधला, म्हणजे तिकडील ऐन हिवाळ्यांतला, जेव्हां तेथें सूर्य उगवतच नाहीं. डॉ. विल्सन, लेफ्टनंट बॉवर्स व चेरी-गॅरर्ड असे तिघे एंपरर पेंग्विन पक्ष्याचीं अंडीं आणावयास निघाले. हा पक्षी फार प्राचीन जातीचा असावा, व त्याच्या अंड्यांतील गर्भ तपासल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पक्षी कसे झाले याचा उलगडा होईल, अशी त्या काळीं आशा होती. अंतर अवघें ६७ मैलांचें. त्याला १९ दिवस लागले. सामानाच्या दोन गाड्या बर्फावरून एकदम ओढवत ना, म्हणून एक पुढें नेऊन ठेवावयाची व दुसरीसाठीं परत यावयाचें. मैलभर पुढें सरकण्यास तीन मैलांची पायपीट. उष्णतामान फॅरनहाइट शून्याखालीं ७७ अंशांपर्यंत उतरलें. एकदां तंबूबाहेर येऊन त्यानें इकडेतिकडे पाहण्यासाठीं मान वर केली, तोंच अंगावरचे कपडे गोठून मान तशीच राहिली, आणि चार तास त्याच स्थितींत त्यानें गाडी ओढली. वादळानें तंबू उडून गेला व तिघे मृत्यूची वाट पाहत पडले. वादळ ओसरल्यावर तो तंबू सांपडला. मिळालेल्या पांच अंड्यांपैकीं दोन वाटेंत फुटलीं.

राहिलेलीं तीन अंडीं घेऊन चेरी-गॅरर्ड १९१३ सालीं लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत गेला. तेथील अधिकाऱ्यानें तीं कशीं बेपर्वाईनें घेतलीं, आणि पावतीसाठीं आपणांस कसें ताटकळत बसविलें, हें त्यानें एखाद्या प्रहसनासारखें रंगविलें आहे. पुढें १९३४ मध्यें त्या गर्भांवरील अहवाल निघाला. त्यांतून ज्ञानांत म्हणण्यासारखी भर पडली नाहीं. आमच्या ओळखीचे एक व्यवहारी गृहस्थ हें ऐकून म्हणाले, 'मग गेले होते कशाला?' प्रश्न अगदीं गैर नाहीं. पण पुस्तक वाचणाऱ्यास तो पडत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

हिवाळी प्रवासाच्या प्रकरणाची सर्वत्र स्तुति होते व ती यथार्थ आहे. तथापि तें प्रकरण सांगण्यासाठीं हें पुस्तक लिहिलें गेलें, असें आम्हांस वाटत नाहीं. तें लिहिलें गेलें मार्च १९१२ मधील सात दिवसांकरितां. ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटला गांठण्यासाठीं चेरी-गॅरर्ड कुत्र्यांच्या गाड्या घेऊन 'वन टन डेपो' नांवाच्या अन्नसांठ्यापर्यंत गेला आणि तेथें थांबून राहिला. कुत्रीं धोक्यांत घालूं नयेत अशी त्यास आज्ञा होती. त्यांचें अन्न पुरेसें नव्हतें. त्याला नौकाशास्त्राप्रमाणें दिशा काढतां येत नव्हती. शिवाय वादळ चाललेलें. १० मार्चला तो मागें फिरला. त्या वेळीं स्कॉटची तुकडी साठ मैलांच्या आसपास होती. महिनाअखेर ती त्याच सांठ्यापासून ११ मैलांवर तंबूंत संपली. नोव्हेंबरमध्यें शोध घेणाऱ्या मंडळींत चेरी-गॅरर्ड होता. तंबूंत तीन प्रेतें सांपडलीं. एक स्कॉटचें, व उरलेलीं दोन विल्सन आणि बॉवर्स यांचीं. हिवाळ्यांतल्या त्या अंधारांत ज्या दोघांबरोबर त्यानें गाडी ओढली होती, ते हे.

हें ध्यानांत ठेवून हिवाळी प्रवासाचें प्रकरण पुन्हा वाचावें, म्हणजे त्यांतील विनोद कानाला वेगळा लागतो. त्या दोघांच्या स्वभावाचीं वर्णनें इतकीं विस्तृत व इतकीं प्रेमळ कां आहेत तें कळतें. मार्चमधील हकीगत सांगतांना मात्र त्याची भाषा एकाएकीं कोरडी होते. तारखा, मैल, वाऱ्याची दिशा, कुत्र्यांचें खाणें. कोर्टांत उभा असलेला साक्षीदार असाच बोलतो. तो स्वतःला निर्दोष ठरवीत नाहीं, आणि दोषी म्हणवून घेऊन सुटकाहि करून घेत नाहीं. १९५९ सालीं तो वारला, तोंवर या सात दिवसांनीं त्याची पाठ सोडली नव्हती. बर्नार्ड शॉ त्याचा शेजारी होता व पुस्तकाच्या लेखनास त्याचें साहाय्य झालें. त्याच्यासारख्या वाक्पटूच्या सहवासांतहि हें प्रकरण कोरडें राहूं दिलें गेलें, हें मोठेंच भाग्य म्हणावयाचें! सांठ्यापाशीं त्याच्याबरोबर डिमिट्री नांवाचा रशियन कुत्रेवालाहि होता. त्याचें पुस्तक नाहीं. पंचांनीं एक साक्षीदार गैरहजर असल्याचें विसरूं नये.

अलीकडील पुस्तकांतहि हाच धागा दिसतो. १९८५ सालीं पेरू देशांतील सिऊला ग्रांदे शिखरावरून उतरतांना जो सिम्प्सन याचा पाय मोडला. त्याचा सोबती सायमन येट्स यानें दोरावरून त्यास खालीं सोडण्याचा प्रयत्न चालविला. पण शेवटीं दोघेहि कड्यावरून जाणार असें दिसतांच त्यानें दोर कापला. सिम्प्सन हिमदरींत पडूनहि वांचला, व तीन दिवस सरपटत छावणीवर आला. येट्सला पुढें गिर्यारोहकांची बोलणीं ऐकावीं लागलीं. तेव्हां सिम्प्सननें १९८८ मध्यें 'टचिंग दि व्हॉइड' लिहिलें तें स्वतःचा पराक्रम गाण्याकरितां नव्हे, तर ज्यानें आपला दोर कापला त्याची बाजू मांडण्याकरितां. आणि येट्सची हकीगत त्यानें येट्सच्याच तोंडीं घातली. 'इन्टु थिन एअर'मध्यें जॉन क्राकॉअरनें मे १९९६ च्या एव्हरेस्टवरील वादळाची हकीगत दिली आहे. आधीं मासिकांत लिहितांना, अँडी हॅरिस हा मार्गदर्शक तंबूंजवळ पोंचलेला आपण पाहिला, असें त्यानें म्हटलें होतें. पुढें तो मनुष्य दुसराच होता असें त्यास कळून आलें, आणि १९९७ च्या पुस्तकांत त्यानें ती चूक उघडपणें सांगितली. विरळ हवेंत डोळेहि खोटी साक्ष देतात. त्याच वर्षीं अनातोली बुक्रीव्हनें 'दि क्लाइंब' लिहून आपली वेगळी बाजू पुढें केली. दोन्ही पुस्तकें जवळ ठेवून वाचणाराच खरा वाचक.

जबानीच दुरुस्त केली असेल तर? स्कॉटची रोजनिशी १९१३ सालीं छापली तेव्हां सोबत्यांवरील कांहीं कठोर शब्द गाळण्यांत आले. आपल्याकडेहि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं पुष्कळ फेरफार करूनच छापला, व मूळ पाठ बऱ्याच काळानें उजेडांत आला. भटजी दक्षिणेच्या आशेनें निघाले आणि सत्तावनच्या बंडांत सांपडले. साहस त्यांनीं मागितलें नव्हतें. पण दोन्हींकडे संपादकांची बुद्धि एकच दिसते. मॉरिस हर्झोगच्या 'अन्नपूर्णा'ची गोष्ट अधिक खेदाची आहे. १९५० च्या त्या फ्रेंच मोहिमेंतील मंडळींनीं पांच वर्षें कांहीं प्रसिद्ध न करण्याचा करार केला होता. त्यामुळें जगापुढें एकटा नायकच बोलला. शिखरावर त्याच्याबरोबर गेलेल्या लाशनालच्या टिपणवह्या संपूर्ण स्वरूपांत १९९६ सालीं आल्या. हर्झोगचें पुस्तक ओघवतें आहे, मुलांच्या हातीं द्यावें इतकें उदात्तहि आहे. आणि तें कांहींसें फारच नितळ वाटतें याचें कारण हेंच असावें. इतरांना विचारलेलें नाहीं.

आरामखुर्चींतल्या माणसास न्याय करण्याचा अधिकार काय, असा आक्षेप येईल. अधिकार नाहींच, पण ऐकून घेण्याचें कर्तव्य तर आहे. ज्यांना चेरी-गॅरर्डचे दोन्ही खंड वाचण्यास सवड नसेल, त्यांनीं प्रथम स्कॉटची रोजनिशी वाचावी, मग हिवाळी प्रवासाचें प्रकरण घ्यावें, आणि मार्च १९१२ ची हकीगत कंटाळवाणी वाटली तरी ती वगळूं नये.