समुद्र, व्यापार आणि साक्ष : जॉन अकोम्फ्राह यांचे ‘व्हर्टिगो सी’

समुद्राचा इतिहास बहुधा जहाजांचा, बंदरांचा आणि दर्यावर्दी वीरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. जहाजाच्या तळाशी साखळदंडांत कोंबलेल्या माणसांच्या बाजूने तो क्वचितच सांगितला जातो. घानात जन्मलेले ब्रिटिश चित्रपटकार जॉन अकोम्फ्राह यांनी ‘व्हर्टिगो सी’ या मांडणशिल्पात ही बाजू घेतली आहे. २०१५ साली व्हेनिसच्या ५६ व्या द्वैवार्षिक प्रदर्शनात, ओक्वी एन्वेझोर यांच्या संयोजनाखाली, ते मांडले गेले. भूमध्य समुद्र ओलांडताना मृत्यूच्या दाढेतून वाचलेल्या काही नायजेरियन तरुणांची रेडिओवरील मुलाखत ही त्यामागील एक प्रेरणा होय.

अंधाऱ्या दालनात तीन मोठे पडदे शेजारी शेजारी लावलेले असतात आणि सुमारे ४८ मिनिटे त्यांवर तीन भिन्न चित्रप्रवाह एकाच वेळी चालू राहतात. बी.बी.सी.च्या निसर्ग-इतिहास विभागाने टिपलेले सागरी जीवन, देवमाशांच्या शिकारीचे जुने चित्रण, गुलामांच्या व्यापाराच्या स्मृती आणि नौकांतून निघालेले निर्वासित एकमेकांशेजारी येतात. त्यांत स्काय बेट, फेरो बेटे आणि उत्तर नॉर्वे येथे नव्याने चित्रित केलेले प्रसंग मिसळतात. किनाऱ्यावर घड्याळे, खुर्च्या, बाबागाड्या विखुरलेल्या आहेत. जुन्या पोशाखातील माणसे समुद्राकडे तोंड करून स्तब्ध उभी आहेत.

देवमाशाची शिकार आणि माणसाची विक्री यांना शेजारी बसविणे हे या कृतीचे खरे धाडस. यामुळे मानवी दुःखाचे अवमूल्यन होते, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो टिकणारा नाही. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्र, सत्त्व, मांस, मद्य आणि विष. अट्ठकथेने ‘सत्त्व’ या शब्दाचा येथे मनुष्यविक्रय असा अर्थ दिला आहे. माणूस आणि मांस एकाच यादीत येतात याचे कारण ते समान आहेत हे नव्हे. त्यांना विक्रेय वस्तू समजणारी दृष्टी एकच आहे, हे होय. अकोम्फ्राह यांचे तीन पडदे हीच दृष्टी उघडी पाडतात.

मात्र शेजारी ठेवणे म्हणजे कारण दाखविणे नव्हे. या कृतीच्या भव्य लाटा पाहताना समुद्रच मारेकरी आहे, असा भास होऊ लागतो. येथे झाँग या जहाजाचे स्मरण करणे भाग आहे. १७८१ साली या जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी बंदिवानांना समुद्रात फेकण्यात आले. पिण्याचे पाणी अपुरे असल्याचे कारण पुढे करून लिव्हरपूलच्या मालकांनी दरडोई ३० पौंडांप्रमाणे विम्याची भरपाई मागितली. १७८३ साली प्रकरण न्यायालयात उभे राहिले ते विम्याचा दावा म्हणून. ज्यूरीने प्रथम मालकांच्या बाजूने कौल दिला, पुढे फेरसुनावणीचा आदेश झाला, परंतु खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. त्या माणसांचा मृत्यू लाटेत घडला, पण त्याचा उगम हिशेबाच्या वहीत होता. ती वही या तीन पडद्यांवर पुरेशा ठळकपणे दिसत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. समुद्राकडे पाहत उभ्या असलेल्या आकृतींमध्ये ओलाउदा इक्वियानो आहे. हा एकेकाळचा गुलाम स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेऊन १७७३ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत सहभागी झाला आणि १७८९ मध्ये त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. झाँगची वार्ता १७८३ च्या मार्च महिन्यात गुलामगिरीविरोधक ग्रॅनव्हिल शार्प यांच्यापर्यंत नेणारा हाच इक्वियानो! ज्याने साक्ष उचलून न्यायाच्या दारापर्यंत नेली, त्याला कलावंताने मौन प्रेक्षक करून ठेवले आहे. चित्र विलक्षण सुंदर आहे यात शंका नाही. पण त्यात इतिहासातील कर्ता पुरुष हरवतो.

कलाकृती म्हणजे न्यायालय नव्हे, हे मान्य. शिवाय तीन पडदे एकाच वेळी पूर्ण पाहता येत नाहीत. एकाकडे वळताच दुसऱ्यावरचे काहीतरी निसटते. आपले पाहणेही निवड करीत असते, ही जाणीव प्रेक्षकाला अस्वस्थ करते. हे या रचनेचे मोठे यश होय. तरीही करुणा म्हणजे केवळ डोळे पाणावणे नव्हे. दुःखाचे कारण शोधून ते दूर करण्यास उद्युक्त होणे, हा तिचा अर्थ आहे. ‘व्हर्टिगो सी’ दुःखाचे दर्शन घडविते, त्याची व्याप्ती दाखविते, मात्र कारणाच्या उंबरठ्यावर थांबते. तो उंबरठा ओलांडण्याचे काम प्रेक्षकावर येऊन पडते. दालनातून बाहेर पडताना इक्वियानोच्या पाठमोऱ्या आकृतीबरोबरच शार्प यांच्याकडे निघालेली त्याची पावलेही ज्याला आठवतील, त्याच्यापुरती ही कलाकृती पूर्ण होईल.