‘कोर्ट’ आणि पुढची तारीख

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट १७ एप्रिल २०१५ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याआधी २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याने मिळवला. एवढे होऊनही आमच्या धर्मग्रामांतील फार थोड्या कुटुंबांनी तो पाहिला असावा. पाहिलेल्यांपैकी अनेकांची तक्रार तो फार संथ असल्याची असते. ती तक्रार आम्हांला खोडून काढायची नाही. चित्रपट संथ आहेच. किंबहुना संथपणा हाच त्याचा विषय आहे.

कथानक दोन ओळींत सांगता येते. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेतात आणि सभांतून गातात. एका सभेत, मंचावरच, त्यांना अटक होते. आरोप असा की, त्यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटारसफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा हा खटला सुरू होतो आणि तारखांमागून तारखा पडत जातात.

या खटल्याचा कणा म्हणजे मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष. ती सांगते की, नवरा आत उतरण्यापूर्वी मॅनहोलमध्ये दगड टाकून पाहत असे. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचे. विषारी वायूने त्याचा एक डोळा आधीच गेलेला होता. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो दारू पिऊन उतरे. हे सारे ती ज्या कोरड्या आवाजात सांगते, त्यात अश्रूंना जागाच नाही. अशा प्रसंगी आपले बहुतेक दिग्दर्शक पार्श्वसंगीताचा आधार घेतात. ताम्हाणे यांनी तो मोह टाळला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

मात्र त्या साक्षीचे पुढे काय होते, तेही पाहावे. तिचे मराठी बोलणे न्यायाधीश महाराज इंग्रजीत टंकलेखकाला सांगतात आणि तेच नोंदीत उतरते. बचाव पक्षाचे वकील विनय व्होरा यांना मराठी नीट येत नाही. जिचा नवरा गेला, तिच्या शब्दांना परक्या भाषेचा पोशाख घातल्यावाचून न्यायमंदिराच्या पायऱ्या चढता येत नाहीत. साहित्याच्या वाचकांना हे सर्वांत आधी खुपावे.

या चित्रपटात खलनायक नाही. सरकारी वकील नूतनताई (गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका अक्षरशः जगली आहे) लोकलने घरी येतात, स्वयंपाक करतात, मुलांचे पाहतात. दुसऱ्या दिवशी त्याच बाई १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा निर्विकार आवाजात वाचून दाखवतात. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना, वीस वर्षे देऊन टाकावीत म्हणजे सुटलो, असेही सहज बोलून जातात. न्यायाधीश सदावर्तेही क्रूर नाहीत. बाह्या नसलेला पोशाख घातला म्हणून एका स्त्रीचे प्रकरण ते पुढे ढकलतात. त्यांच्या मते नियम तो नियम. कायदा मोडणारा या दालनात कोणीच नाही. तरीही अन्याय होतो, आणि तो कायद्याचे पालन करता करताच होतो.

येथे आम्हांला लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायातली विधवा आठवते. तिला जो न्यायाधीश भेटला तो देवाला भीत नव्हता, माणसांची पर्वा करीत नव्हता. तरीही तिच्या रोजच्या हेलपाट्यांनी कंटाळून त्याने तिला न्याय दिला. ‘कोर्ट’मधील न्यायाधीश देवाधर्माचे, नेमस्त, चारचौघांसारखे गृहस्थ आहेत. त्या विधवेच्या न्यायाधीशाला निदान कंटाळा तरी येत होता! यांना तोही येत नाही, कारण तारीख देऊन दरवाजा बंद करण्याची सोय यांच्या हाती आहे.

कायदेशीर आणि न्याय्य यांतला फरक नव्या मुंबईच्या वाचकांना कोणी शिकवावा लागत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील पावण्यासारख्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या, त्या रीतसर अधिसूचना निघूनच गेल्या. मोबदलाही कायद्याने ठरला. तो अपुरा होता, हे ऐकवायला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोकांना रस्त्यावर यावे लागले, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यानंतर आली. कायद्याला न्यायापर्यंत आणण्यासाठी त्या पाच घरांनी काय मोजले, याची नोंद कोणत्याही सात-बाऱ्यावर सापडणार नाही.

याच नव्या मुंबईच्या दुसऱ्या टोकाला तळोजा कारागृह आहे. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली आणि तेथून त्यांना येथे आणण्यात आले. वय ८३, कंपवाताने हात इतके थरथरत की पेला धरवत नसे. ६ नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयाकडे नळी आणि झाकणाचा पेला मागितला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत घेतली आणि २६ नोव्हेंबरला सांगितले की, त्यांचा पेला आमच्याकडे नाही.

या वीस दिवसांत कोणता नियम मोडला गेला? बहुधा एकही नाही. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे कलम ४३-ड (५) सांगते की, पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन देऊ नये. विशेष न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यांचा जामीन नाकारला. आरोप फादरांनी नाकारले होते. ते खरे की खोटे हे ठरवणारी सुनावणी सुरूच झाली नाही. खटला उभा राहीपर्यंत निर्दोष मानायचे, पण मोकळे सोडायचे नाही, अशा अवस्थेत माणसाचे स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय उरते? दहशतवादाविरुद्ध कडक कायदा हवा, असे म्हणणारे आमच्याच धर्मग्रामांत आहेत आणि त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. २६ नोव्हेंबर २००८ या शहराने पाहिले आहे. पण कायदा कडक असणे वेगळे आणि त्याच्या घड्याळाला काटेच नसणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयानेही १ फेब्रुवारी २०२१ रोजी के. ए. नजीब प्रकरणात स्पष्ट केले की, खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर या कलमाची अट जामिनाच्या आड येऊ शकत नाही. २८ मे रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशाने फादरांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. त्याच दिवशी त्यांचे निधन झाल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले.

हे सारे मनात ठेवून ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला, तेव्हा त्यातील एक उणीव आम्हांला प्रकर्षाने जाणवली. सुटल्यावर कांबळे यांना पुन्हा अटक होते, या वेळी त्याच बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली. चित्रपट वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकिलाच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. कोठडीतल्या शाहिराच्या दिवसांपर्यंत मात्र तो जात नाही. व्यवस्थेच्या नजरेतून आरोपी कसा नाहीसा होतो हेच त्यातून दाखवायचे आहे, असे समर्थन कोणी करील, आणि ते चूक नाही. तरीही वीरा साथीदार यांच्यासारखा नट, जो प्रत्यक्ष जीवनातही चळवळीतला कार्यकर्ता होता, हाताशी असताना त्याची वाट पाहण्याची एक रात्र आम्हांला दिसायला हवी होती. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले.

शेवटाची रचना मात्र निर्दोष आहे. उन्हाळी सुटी लागते, जामिनासाठी उच्च न्यायालयात जा असे सांगितले जाते, दालनातील दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा काळोखाने भरतो. चित्रपट संपला असे वाटावे इतका वेळ तो काळोख टिकतो. पुढच्या दृश्यात न्यायाधीश बाकावर डुलक्या घेत आहेत, मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते हाती लागलेल्या एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.