द्वंद्व समास आणि स्वामित्व : बीटल्सच्या कलहांचा एक भाषिक विचार

१

बीटल्स या इंग्रज रॉक वाद्यवृंदाविषयीचे लेखन ढोबळ मानाने दोन प्रकारांत विभागले गेले आहे. पहिल्या प्रकारात त्याच्या गीतांचा, स्वररचनांचा आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकाभिरुचीवर त्यांनी केलेल्या संस्कारांचा विचार येतो. दुसऱ्या प्रकारात करारनामे, भागभांडवल, दावे आणि निवाडे यांची हकीकत येते. पहिल्या प्रकारचे लेखक दुसऱ्या विषयाकडे कलेला लागलेले ग्रहण म्हणून पाहतात. दुसऱ्या प्रकारच्या लेखकांना गीते ही केवळ मालमत्तेची यादी वाटते. ही विभागणी सोयीची असली तरी युक्त नव्हे. या कलहांच्या मुळाशी असलेला प्रश्न पैशाचा असण्याआधी कर्तृत्वाचा आहे, आणि कर्तृत्वाचा प्रश्न हा अंशतः भाषेचाही प्रश्न असतो. अनेकांच्या हातून घडलेल्या कृतीला नाव द्यावयाचे झाल्यास ते कोणाचे द्यावे, आणि एकदा दिलेल्या नावाचा अर्थ कोणी ठरवावा, हा तो प्रश्न होय.

बीटल्सचा उदय १९६० साली लिव्हरपूल येथे झाला. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन यांना १९६२ साली रिंगो स्टार येऊन मिळाला आणि त्याच वर्षी त्यांची पहिली महत्त्वाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. १९७० साली संघ मोडला. म्हणजे ज्या ध्वनिमुद्रणांवर त्यांची कीर्ती उभी आहे ती सारी जेमतेम आठ वर्षांतली. कलह मात्र त्यानंतर पुढे अर्धशतक चालले. निर्मितीच्या काळाहून तिच्या वाटणीचा काळ इतका दीर्घ असावा, ही गोष्टच या कलहांना किरकोळ मानण्याविरुद्ध पुरेसा पुरावा आहे.

२

या संघाच्या बहुसंख्य गीतांवर ‘लेनन–मॅकार्टनी’ असे जोडनाव आढळते. दोघांपैकी कोणीही, एकट्याने वा मिळून, रचलेले गीत दोघांच्या नावे प्रसिद्ध व्हावे, असा त्यांचा आरंभीचा संकेत होता. व्याकरणदृष्ट्या हे नाव म्हणजे द्वंद्व समास होय. संस्कृतात ‘द्वंद्व’ या शब्दाचा अर्थ जोडी असाही आहे आणि झुंज असाही आहे. प्रस्तुत प्रकरणात दोन्ही अर्थ लागू पडतात.

मराठी व्याकरणात द्वंद्वाचे तीन प्रकार मानले आहेत. ‘कृष्णार्जुन’ या इतरेतर द्वंद्वाचा विग्रह ‘आणि’ने होतो; दोन्ही पदे आपापले पृथक्त्व राखून समान भावाने उभी असतात. ‘खरेखोटे’ या वैकल्पिक द्वंद्वाचा विग्रह ‘किंवा’ने होतो. ‘मीठभाकर’ या समाहार द्वंद्वात उच्चारलेल्या दोन पदांच्या आश्रयाने न उच्चारलेल्या इतर वस्तूंचाही समावेश होतो. मीठभाकर म्हणजे केवळ मीठ आणि भाकर नव्हे, तर साधे जेवण.

‘लेनन–मॅकार्टनी’ हा समास यांपैकी कोणता? कायद्याने तो इतरेतर द्वंद्व मानला: दोन व्यक्ती, दोन सह्या, समान वाटा. समीक्षकांनी बहुधा तो वैकल्पिक मानला: हे गीत लेननचे किंवा मॅकार्टनीचे, आणि समीक्षेचे काम म्हणजे त्या ‘किंवा’चा निर्णय करणे. प्रत्यक्ष निर्मितीच्या दृष्टीने मात्र तो पुष्कळ प्रमाणात समाहार द्वंद्व होता. ‘इन माय लाइफ’ या १९६५ च्या गीतातील पियानोचा प्रसिद्ध तुकडा निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी रचला व वाजविला. ‘एलेनॉर रिग्बी’ची (१९६६) तंतुवाद्यरचनाही त्यांचीच. मार्टिन यांचे नाव गीतांच्या कर्त्यांत नाही. परंतु तो तुकडा वगळून ‘इन माय लाइफ’ आठवून पाहावे. जे उरते ते गीत खरे, पण लोकांच्या ओळखीचे गीत ते नव्हे.

‘इन माय लाइफ’चे उदाहरण आणखी एका दृष्टीने उद्बोधक आहे. या गीताचे शब्द मुख्यतः लेननचे याविषयी वाद नाही. चाल कोणाची याविषयी मात्र दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. २०१९ साली ‘हार्वर्ड डेटा सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संख्याशास्त्रीय अभ्यासात दोघांच्या स्वरयोजनेच्या लकबी मोजून अशा वादग्रस्त रचनांचे कर्तृत्व ठरविण्याचा प्रयत्न करण्यात आला, आणि या गीताचा कौल लेननच्या बाजूस पडला. पद्धती स्तुत्य आहे. कर्तृत्वनिर्णयासाठी भाषाशास्त्रातही तिचा अवलंब होतो. तथापि तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. लेखकाची लकब ही त्याची खासगी मिळकत आहे, असे ते गृहीत होय. किशोरवयापासून एकमेकांसमोर बसून गीते रचणाऱ्या दोघांच्या बाबतीत एकाची लकब दुसऱ्याच्या हाती उतरणे अपरिहार्य असते. एकाच घरात वाढलेल्या भावंडांच्या बोलीतून ‘हा शब्द मूळ कोणाचा’ असे विचारण्यासारखाच तो प्रकार आहे. संख्या लकबीचा पत्ता देईल. सहवासाचा हिशेब तिला मांडता येणार नाही.

३

समासातील पदांचा क्रम हाही पुढे वादाचा विषय झाला. द्वंद्वात कमी स्वरांचे पद आधी यावे, असा पाणिनीचा नियम आहे, आणि अधिक पूज्याचे पद आधी यावे, अशी त्याला वार्तिककारांची पुरवणी आहे. पहिल्या नियमाने ‘लेनन’ हे पद सहजच आधी येते. परंतु १९६३ च्या आरंभी निघालेल्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेवर ‘मॅकार्टनी–लेनन’ असा क्रम छापला होता; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघालेल्या ‘शी लव्ह्ज यू’पासून तो उलट होऊन कायम झाला. मॅकार्टनीला क्रमाचे मूळ उच्चारसौकर्यात नव्हे, तर मानाच्या नियमात आहे असे वाटू लागले, आणि तेथे तंटा सुरू झाला.

त्याची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. ‘येस्टरडे’ (१९६५) या गीताच्या ध्वनिमुद्रणात संघातील अन्य कोणाचाही सहभाग नाही. तरीही त्यावर लेननचे नाव, आणि तेही आधी. १९९० नंतरच्या दशकात या एका गीतापुरता क्रम बदलण्याची त्याने केलेली विनंती लेननच्या पत्नी योको ओनो यांनी मान्य केली नाही. २००२ सालच्या आपल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रिकेत त्याने बीटल्सच्या १९ गीतांवर स्वतःचे नाव आधी घातले. ओनो यांनी आक्षेप घेतला, आणि पुढच्या वर्षी मॅकार्टनीने जुना क्रम आपणास मान्य असल्याचे सांगितले. उलट बाजूने ‘गिव्ह पीस अ चान्स’ (१९६९) या लेननच्या स्वतंत्र गीतावरही जोडनाव होते, आणि ते नंतर काढण्यात आले. दोन्ही बाजूंनी घडले ते एकच: तारुण्यात समाहाराच्या अर्थाने स्वीकारलेल्या नावाचा उत्तरायुष्यात इतरेतर अर्थाने विग्रह होऊ लागला.

या विग्रहात पैशाचा भाग अल्प होता, कारण क्रम बदलल्याने वाटा बदलत नव्हता. एक पै इकडची तिकडे होत नसताना दोन पदांच्या क्रमावरून इतका मनस्ताप व्हावा, हे नावाच्या सामर्थ्याचे निदर्शक आहे.

४

नाव दोघांचे असले तरी गीतांची मालकी आरंभापासूनच केवळ दोघांची नव्हती. १९६३ साली नॉर्दर्न साँग्ज ही प्रकाशनसंस्था स्थापन झाली तेव्हा तिची सुमारे निम्मी मालकी प्रकाशक डिक जेम्स व त्याचा भागीदार यांच्याकडे होती. १९६५ साली संस्थेचे भाग खुल्या बाजारात विक्रीस आले. १९६९ साली जेम्स व त्याच्या भागीदाराने आपला हिस्सा लू ग्रेड यांच्या एटीव्ही कंपनीस विकला, आणि त्याच वर्षी कंपनीचा ताबा एटीव्हीकडे गेला. १९८५ साली गायक मायकल जॅक्सन याने एटीव्हीचा गीतसंग्रह ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला. १९९५ साली तो सोनी कंपनीच्या भागीदारीत गेला. २०१६ साली जॅक्सनच्या वारसांचा निम्मा हिस्सा सोनीने ७५ कोटी डॉलर देऊन घेतला. अमेरिकन कायद्याप्रमाणे ५६ वर्षांनंतर जुन्या गीतांचे हक्क परत मागता येतात. त्या आधाराने मॅकार्टनीने २०१७ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे दावा लावला, आणि जूनमध्ये तो आपसात मिटला.

येथे नाव आणि मालकी यांची पूर्ण फारकत दिसून येते. षष्ठी विभक्तीचे दोन अर्थ व्याकरणात सुपरिचित आहेत: ‘कुंभाराचा घडा’ म्हणजे कुंभाराने घडविलेला, आणि ‘गृहिणीचा घडा’ म्हणजे गृहिणीच्या मालकीचा. ‘मॅकार्टनीचे गीत’ या प्रयोगात पहिली षष्ठी अबाधित राहिली. दुसरी बाजारात हातोहात फिरली.

हॅरिसनला हा भेद सर्वांआधी जाणवला असे दिसते. भाग विक्रीस निघाले तेव्हा लेनन व मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के, तर हॅरिसन व स्टार या दोघांत मिळून १.६ टक्के भाग आले. आणि हॅरिसनची स्वतःची गीतेही त्याच संस्थेच्या मालकीची होत. ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ या त्याच्या उपरोधपर गीताच्या नावात उत्तर इंग्लंडचा आणि या संस्थेचा असा दुहेरी निर्देश आहे. ज्या संस्थेवर टीका केली तिच्याच मिळकतीत त्या टीकेचीही भर पडावी, यासारखा उपरोध कवीला सुचविता आला नसता.

५

३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन १९६७ साली वारला होता, आणि १९६९ पासून उरलेल्या तिघांनी अॅलन क्लाइन यास कारभार सोपविला होता. क्लाइन हा भागीदार नव्हे. म्हणून त्याच्या कारभारातून सुटण्यासाठी मॅकार्टनीला सहकाऱ्यांविरुद्धच उभे राहावे लागले. १२ मार्च १९७१ रोजी न्यायालयाने भागीदारीवर रिसीव्हर नेमला. १९७५ च्या आरंभी ती कायदेशीरपणे संपली. मध्यंतरी, १९७३ साली, त्या तिघांनीही क्लाइनला दूर केले होते. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. इंग्रजीत दोहोंस एकच सर्वनाम आहे. या दाव्यात ‘आपण’चे ‘आम्ही’ आणि ‘मी’ असे दोन तुकडे पडले.

याहून मार्मिक खटला हॅरिसनचा. त्याच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ (१९७०) या भक्तिगीताची चाल ‘ही’ज सो फाइन’ (१९६३) या गीतावरून घेतल्याचा निर्णय अमेरिकन न्यायालयाने १९७६ साली दिला. मात्र ही उचल हेतुपुरस्सर नसून अबोध स्मृतीतून झाली, असेही त्याने नमूद केले. मराठी बोलणारा ‘मी केले’ आणि ‘माझ्याकडून झाले’ यांत भेद करतो. न्यायालयाने दुसऱ्या वाक्याचे वर्णन मान्य केले आणि जबाबदारी पहिल्या वाक्याप्रमाणे ठरविली. पुढे खुद्द क्लाइननेच त्या मूळ गीताचे हक्क विकत घेतले, आणि १९८१ साली न्यायालयाने ते त्याच खरेदीच्या किमतीस, म्हणजे ५ लाख ८७ हजार डॉलरना, हॅरिसनला द्यावेत असे ठरविले.

६

ज्यांची पदे समासात कधीच आली नाहीत, त्यांचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापलेले आहे. ही नोंद अपवादात्मक होय. पुढच्याच वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’मध्ये हॅरिसनच्या गीताला साथ करणाऱ्या लंडनस्थ भारतीय वादकांची नावे वेष्टनावर आली नाहीत. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही ध्वनिमुद्रणगृहात ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी भारतीय कलावंतांकडून संगीत वाजवून घेतले, आणि त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीतही ध्वनिमुद्रित केले. गायन लंडनला झाले, आणि मार्चमध्ये ते गीत ‘लेडी मॅडोना’च्या दुसऱ्या बाजूस प्रसिद्ध झाले. त्या गीतातील सारी वाद्ये मुंबईतील कलावंतांनी वाजविलेली आहेत. ध्वनिमुद्रिकेवर वाद्यवृंद म्हणून नाव आहे ते ‘बीटल्स’ असे. हे नावसुद्धा समाहारच होते, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मिळणे कठीण. मात्र त्या समाहारात अंतर्भूत झालेल्यांपैकी कोणीही त्या गीताबद्दल न्यायालयात उभा राहिला नाही. दावा लावण्यासही आधी नाव लागते.

संघाच्या अॅपल या संस्थेने त्याच नावाच्या संगणककंपनीशी १९७८ पासून चालविलेला वाद २००७ साली मिटला तेव्हा नावाची व्यापारचिन्हे संगणककंपनीकडे गेली आणि संघाच्या संस्थेला त्यांच्या वापराचा परवाना मिळाला. वारसा टिकतो तो नावाच्या मालकीने नव्हे, याचा हा दाखला. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘नाऊ अँड देन’ हे शेवटचे गीत निघाले: लेननचा १९७० नंतरच्या दशकातील जुन्या फितीवरचा आवाज यंत्राच्या साहाय्याने वेगळा काढलेला, हॅरिसनची १९९५ ची गिटार, मॅकार्टनी व स्टार यांची नवी भर. दोघे दिवंगत, भागीदारी कधीच मोडलेली. तरी कृती पुन्हा अनेकांचीच.

न्यायालयांना विग्रह करावाच लागतो, कारण वाटणी करावयाची असते. समीक्षेवर तशी सक्ती नाही. तरीही तिने न्यायालयाची रीत उचलली, आणि ‘लेननचे की मॅकार्टनीचे’ या प्रश्नातच अर्धशतक घालविले. तिचे खरे काम उलट दिशेचे आहे. समासात ऐकू येणारी परंतु लिहिली न गेलेली पदे शोधून ती नोंदविणे, हे ते काम होय. वाटणीचे बहुतेक हिशेब आता पुरे झाले आहेत. हा हिशेब अद्याप बाकी आहे.