इंडोनेशियन चित्रपट : दडपशाहीविरुद्धचा संयत स्वर

इंडोनेशियात इतिहास सांगण्याचे काम राज्यसत्तेने पाठ्यपुस्तकांइतकेच चित्रपटावरही सोपविले होते. ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्रीनंतर पहाटे जकार्तात सहा जनरल व एक लेफ्टनंट मारले गेले. दोष साम्यवादी पक्षावर ठेवण्यात आला आणि पुढील काही महिन्यांत लष्कर व त्याच्या पाठबळावरील टोळ्यांनी किमान पाच लाख माणसे मारली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या रक्तपातातून सत्तेवर आलेल्या सुहार्तो यांच्या राजवटीने १९८४ मध्ये 'पेंगखियानातान गे-तिगा-पुलुह-एस/पेकाई' हा चार तासांहून मोठा चित्रपट काढविला. दिग्दर्शक आरिफिन सी. नूर हे सामान्य प्रचारक नव्हते. ते नामवंत नाटककार होते. त्यामुळेच त्यातील छळाची दृश्ये प्रेक्षकांच्या मनात खोल रुजली. जनरलांच्या मृतदेहांची अशी विटंबना झालेली नव्हती, हे बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शवविच्छेदन अहवालांवरून दिसते. नंतरच्या लाखो हत्यांना तर त्या चित्रपटात स्थानच नाही. तरीही राजवट कोसळेपर्यंत तो दरवर्षी ३० सप्टेंबरला दूरदर्शनवर दाखविला जाई आणि शाळकरी मुलांना तो पाहणे भाग पडे.

१९९८ नंतरच्या दिग्दर्शकांपुढील खरी अडचण येथे आहे. सत्तेने असत्य सांगण्यासाठी ज्या पडद्यावर रक्त दाखविले, त्याच पडद्यावर खऱ्या हत्या कशा दाखवायच्या?

गारिन नुग्रोहो यांनी 'पुइसी ताक तेर्कुबुर्कान' (२०००) मध्ये या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही सर्वांत समर्थ वाटते. इब्राहिम कादिर हे आचे प्रांतातील गायो समाजाचे, 'दिदोंग' या गायनपरंपरेतील कवी. १९६५ मध्ये त्यांना चुकीने अटक झाली आणि बावीस दिवस त्यांनी ताकेंगोनच्या तुरुंगात काढले. चित्रपटात कादिर स्वतःचीच भूमिका करतात. कृष्णधवल चित्रण जवळजवळ संपूर्णपणे कोठडीतच राहते. पहारेकरी नावे पुकारतो, पुकारलेल्या माणसाच्या डोक्यावर पोते चढविले जाते, तो दाराबाहेर जातो. हत्या दिसत नाही. उरलेले कैदी गातात आणि पुढच्या नावाची वाट पाहतात. दिदोंगची लय येथे शोभेसाठी आलेली नाही. ज्यांची नोंद कोणत्याही कागदावर होणार नव्हती, त्यांची नोंद ती ठेवते. (हेच कादिर 'चुत न्याक धिएन' या १९८८ च्या चित्रपटातही कवी म्हणून दिसले होते, तेथे शत्रू डच होता, म्हणून बोलण्यास मोकळीक होती.)

रीरी रिझा यांचा 'गी' (२००५) आणि इफा इस्फान्स्याह यांचा 'सांग पेनारी' (२०११) यांनी हा विषय मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत नेला, हे त्यांचे श्रेय. मात्र 'सांग पेनारी'त प्रेमकथेचा ओघ प्रबळ असल्याने हत्याकांड काहीसे नियतीच्या आघातासारखे भासते.

योसेप आंगी नोएन यांचा 'इस्तिराहात्लाह काता-काता' (२०१६) पुन्हा एका कवीकडे वळतो. जुलै १९९६ मधील जकार्तातील दंगलीनंतर सोलोचे कवी विजी थुकुल यांना पोंतियानाक येथे लपावे लागले. चित्रपटात घोषणा नाहीत, मोर्चे नाहीत. परक्या घरातील रिकामे दिवस आणि रात्रीचा खटका आहे. तिकडे सोलोमध्ये त्यांच्या पत्नी सिपोन चौकशांना तोंड देत मुले सांभाळतात. भीती माणसाच्या झोपेत, जेवणात, बोलण्यात कशी शिरते, हे येथे जितक्या बारकाईने आले आहे तितके अन्यत्र क्वचितच आढळते.

या संयमाला एक मर्यादा आहे आणि ती नजरेआड करता येत नाही. पीडिताचा चेहरा या चित्रपटांनी दिला. आज्ञा देणाऱ्याचा चेहरा बहुधा अंधारातच राहिला. तो चेहरा 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) मध्ये उघडपणे, बढाई मारताना दिसतो. पण त्याचे दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमर परदेशी आहेत आणि त्यांच्या अनेक इंडोनेशियन सहकाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत 'अनामिक' अशीच आहेत. देशात राहणाऱ्या दिग्दर्शकाच्या मौनाचा अर्थ लावताना ही नामावली विसरता येणार नाही.

हे भय निराधार नव्हते. थुकुल यांच्यावरील चित्रपट जानेवारी २०१७ मध्ये देशातील मोजक्या पडद्यांवर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सशस्त्र दलांचे प्रमुख गातोत नुरमान्त्यो यांनी १९८४ चा जुना प्रचारपट पुन्हा सर्वत्र दाखविण्याचा आदेश दिला. १९९८ मध्ये बेपत्ता झालेल्या थुकुल यांचा शोध लागलेला नाही. सिपोन २०२३ मध्ये वारल्या. आणि १० नोव्हेंबर २०२५ रोजी सुहार्तो यांना मरणोत्तर 'राष्ट्रीय वीर' हा किताब देण्यात आला.