सुगरणीचा खोपा : लोकज्ञान आणि पक्षिशास्त्र

पारंपरिक पर्यावरणीय ज्ञानाचा विचार खानदेशात करताना बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. आसोद्याच्या या निरक्षर कवयित्रीची गाणी सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने व आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ग्रंथरूपात आली. त्यांतील निसर्गनिरीक्षणाचा गौरव पुष्कळ झाला. तपासणी त्या मानाने कमी झाली. सुगरणीच्या खोप्यावरील कविता या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या कवितेत पक्षिणी पिलांसाठी खोपा विणते. हात नसताना चोचीच्या बळावर झुलते घर उभारण्याचे तिचे कसब कवयित्री माणसापुढे ठेवते. चोचीचे साधन, झाडाला टांगलेली रचना हे तपशील अचूक आहेत. पक्षिशास्त्र मात्र एका बाबतीत वेगळे सांगते. डॉ. सालीम अली यांनी अलिबागजवळील किहीम येथे केलेल्या निरीक्षणांवरील लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार खोपा विणतो तो नर. अर्धवट खोपा मादी पारखते व पसंत पडल्यास स्वीकारते. नर तो पूर्ण करून दुसऱ्या खोप्याकडे वळतो. अंडी उबवणे व पिलांचे संगोपन प्रामुख्याने मादीकडे असते.

मग कविता चुकली काय? हा निवाडा घाईचा ठरेल. ‘सुगरण’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. गृहकृत्यदक्ष स्त्रीचे ते विशेषण पक्ष्याला लाभले. घर उभे करते ती बाई, हे शेतकरी कुटुंबातील अनुभवसत्य कवितेने पक्ष्यावर आरोपित केले. निरीक्षण शेतातले, स्पष्टीकरण मात्र घरातले आहे. लोकज्ञानाचे हे दोन थर वेगळे करणे आवश्यक आहे. कवयित्रीला सरसकट ‘वैज्ञानिक’ ठरविणारी समीक्षा हा भेद पुसते. लोकज्ञानाला भाबडेपणा समजणारे संशोधन त्यातील अचूक निरीक्षणाला मुकते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन होणाऱ्या स्थानिक समित्यांकडून लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. गिरणाकाठच्या पाचोरा परिसरात मराठी व प्राणिशास्त्र विभागांना हे काम एकत्रितपणे करता येईल. खोपे कोणत्या झाडावर, पावसाच्या कोणत्या टप्प्यात बांधले जातात, हे शेतकऱ्यांना विचारावे; त्यांच्याच बोलीत नोंदवावे आणि प्रत्यक्ष पाहून पडताळावे. पडताळणीने लोकज्ञानाचा अवमान होत नाही; उलट त्यामुळेच ते संशोधनाच्या चर्चेत बरोबरीने सहभागी होते.