कमरेपासून कपाळापर्यंत

पॅरिसमधला तो शॉट मी आवाज बंद करून बघते. 10 ऑगस्ट 2024, ऑलिंपिक बास्केटबॉलची अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध फ्रान्स, शेवटचं मिनिट. स्टीफन करीच्या अंगावर दोन धिप्पाड खेळाडू हात उंचावून येतात. चेंडू त्यांच्या बोटांवरून वर चढतो आणि जाळीत उतरतो. शेवटच्या तीन मिनिटांतला त्याचा हा चौथा थ्री-पॉइंटर. जल्लोष, हावभाव, गळाभेटी, हे सगळं नंतरचं. मला बघायचा असतो शॉट, आणि तो पायांपासून वर बघत जावा लागतो.

त्याची पावलं रिंगकडे सरळ रोखलेली नसतात, किंचित डावीकडे वळलेली असतात. ‘पाय सरळ’ असं आम्ही मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. पण पावलं अशी जराशी वळली, की उजवा खांदा आणि कोपर आपसूक रिंगच्या रेषेत येतात, अंगाला पीळ पडत नाही. मग गुडघे. ते वाकतात तेव्हा चेंडूही खाली असतो, आणि ते उलगडायला लागले की चेंडू त्यांच्याबरोबर वर निघतो. वाटेत तो कुठेच अडत नाही. पुष्कळ खेळाडू उडी मारतात, वर पोचून क्षणभर थांबतात आणि मग हातांनी चेंडू सोडतात. करी उडी पुरी व्हायच्या आतच सोडतो. जात्यावरची ओवी एका दमात यावी तसा पोटऱ्यांतला जोर मांड्या, पाठ, खांदा, मनगट असा एकसंध चढत बोटांच्या टोकांशी येतो. डावा हात नुसता बाजूला असतो. तो चेंडूला सावरतो, ढकलत मात्र नाही. शेवटी उजवं मनगट खाली झुकलेलं राहतं, कुणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवून झाल्यासारखं.

आणि ती कमान! तिच्यात नुसतं देखणेपण नाही, हिशेब आहे. रिंगचा व्यास 18 इंच, मोठ्या चेंडूचा साधारण साडेनऊ. चेंडू 45 अंशांत उतरला, तर त्याच्या वाटेवरून रिंगचं तोंड पावणेतेरा इंच उघडं दिसतं. 30 अंशांत सपाट आला, तर जेमतेम 9 इंच, म्हणजे चेंडूपेक्षाही अरुंद. सपाट शॉट रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. करीचा चेंडू उंचावरून खाली येतो तेव्हा त्याच्यासाठी दार सताड उघडलेलं असतं.

हा शॉट त्याला उपजत मिळालेला नाही, म्हणून तो मला जास्त प्रिय आहे. शाळेत असताना तो चेंडू कमरेपासून उचलून फेकायचा. अंगाने किरकोळ मुलगा, ताकद कमी. तसा फेकूनही त्याचे शॉट पडत होते! पण वडिलांना, डेल करींना, पुढचं दिसत होतं. ते स्वतः अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये 16 हंगाम खेळलेले, लांबून शॉट मारण्यातच नाव कमावलेले. उंच खेळाडू समोर आला, की कमरेतून निघालेला चेंडू अडवला जाणार हे त्यांना ठाऊक होतं. 2004 च्या उन्हाळ्यात शार्लटच्या घरामागच्या अंगणात त्यांनी मुलाचा शॉट मोडला आणि डोक्यावरून सोडायला नव्याने शिकवायला घेतलं. कित्येक आठवडे त्याला रिंगच्या जवळून सोडून कुठूनही शॉट जमेना. तो तिथे रडायचा, हे धाकट्या भावाने, सेथने, पुढे सांगितलं आहे. पॅरिसच्या कमानीत मला ते अंगण दिसतं.

मुलगा तेव्हा 16 वर्षांचा होता, हे मात्र आम्ही शिकवणारे विसरतो. माझ्याकडे दहा वर्षांची एक मुलगी आली. मोठ्यांचा 7 नंबरचा चेंडू, 600 ग्रॅमच्या आसपासचा, ती कमरेजवळ घ्यायची, कंबर मागे टाकायची आणि दोन्ही हातांनी भिरकावायची. ‘हात वर, कोपर आत’ असं मी महिनाभर ओरडले. ती हात वर घ्यायची आणि चेंडू रिंगपर्यंत पोचायचाच नाही. मग पुन्हा कमरेतून. चूक तिची नव्हती. 3.05 मीटर उंचीवर एवढं वजन पोचवायला तिच्या शरीराने शोधलेला तो प्रामाणिक उपाय होता. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर असते आणि चेंडू 5 नंबरचा, 500 ग्रॅमच्या आतला. ते काही लाड नव्हेत. त्याशिवाय शॉट घडतच नाही.

आमच्या मैदानावर रिंग खाली घ्यायची सोय नाही. म्हणून चेंडू बदलला आणि रिंगपासून तीन पावलांवर खडूने खूण केली. डावा हात पाठीमागे. उजव्या तळव्यावर चेंडू, मनगट मागे वाकवलेलं, बोटं पसरलेली.

“ताई, एका हाताने?”

“हो गं. आधी गुडघे. चेंडू त्यांच्याबरोबर येऊ दे.”

पहिले तीन-चार तळव्यावरून घरंगळून पडले. नंतरचा एक बोर्डच्या वरच्या कडेला लागला. मग एकदा गुडघे आणि चेंडू बरोबर निघाले, मनगट झुकलं, चेंडू उलटा फिरत वर गेला आणि रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर आला. तो आत गेला नव्हता, तरी तिने वळून माझ्याकडे पाहिलं. हात अजून वरच होता, बोटं खाली झुकलेली. तिला कळलं होतं.

चेंडू घेऊन ती धावत परत खुणेवर आली.